ऑक्सिजनचा फ्लो मनाने वाढवू नका, नळी गादीवर टाकू नका

ऑक्सिजन मशीनवर असलेल्या वृद्धांच्या काळजीबद्दलच्या या चर्चेत ‘दम लागला की फ्लो (ऑक्सिजन सोडण्याचा वेग) वाढवायचा, ऑक्सिजनने कुणाचं नुकसान होत नाही’ असं कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या, श्वास अडवणाऱ्या जुनाट आजाराच्या) पेशंटला साधारण ८८ ते ९२ टक्के सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) पुरतं. ९८ दिसावं म्हणून नॉब फिरवत बसलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. आजोबा गुंगीत जातात आणि सगळ्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली! डॉक्टरांनी ठरवलेला फ्लोचा आकडा मशीनवर चिकटवून ठेवा, म्हणजे रात्रपाळीची मावशी बदलली तरी घोळ होत नाही.

ऑक्सिजनजवळ विडी-सिगारेट, गॅस यांनी आग लागण्याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलं, पण नळीबद्दल कुणीच नाही. सासूबाई होत्या त्या वृद्धाश्रमात जेवायला उठवताना कॅन्युला (नाकात लावायची ऑक्सिजनची नळी) काढून गादीवर टाकायचे आणि कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) चालूच. चादर, गाऊन, उशी, सगळ्यात ऑक्सिजन मुरतो, आणि दोन हातांवर देव्हाऱ्यात निरांजन! आधी मशीन बंद, मगच नळी काढायची. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन चोपडतात, तेही नको. पाण्यात विरघळणारं जेल मेडिकलमध्ये मागितलं की मिळतं.