टाचेला फोड येत असतील तर लेसचं शेवटचं भोक वापरा
पळताना टाचेला फोड येतात, काय करावं, या प्रश्नावर अर्धा नंबर मोठा बूट घ्या असा सल्ला दिला जातो; तो बोटांपुरता अगदी बरोबर आहे. पाय थोडे सुजतात, पुढे अंगठाभर जागा हवीच. पण मूळ प्रश्न टाचेवरच्या फोडांचा आहे, आणि तिथे मोठ्या बुटाने त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त. फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. घामाने ओलसर झालेली कातडी मोज्याला धरून बसते, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला सरकत राहतं, आणि या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात. म्हणजे टाच बुटात हलू न देणं हेच खरं काम.

घोट्याजवळचं जास्तीचं भोक बहुतेक जण रिकामंच सोडतात, ते वापरून बघा. लेस समोर न नेता त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, पूर्ण न ओढता छोटा लूप ठेवा. दोन्हीकडे झालं की प्रत्येक टोक समोरच्या लूपमधून ओवा, खाली तळाच्या दिशेने खेचा आणि मग गाठ मारा. त्याआधी टाच जमिनीवर टेकवून बुटात अगदी मागे सरकवून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाया. माझ्या टाचा अरुंद आहेत, मला याने फार मोठा फरक पडला. पंज्यावरची लेस मात्र सैलसरच असू द्या, तिथे आवळली की पायाला मुंग्या येतात. आणि मोजे सुती असतील तर ते आधी बदला, घाम धरून ठेवतात.