स्टोन-पौंडांचा हिशेब आणि चौदाचा पाढा: तुमचे अनुभव लिहा

इंग्लंडला येऊन मला नऊ वर्षं झाली. मैल अंगवळणी पडले, पण कुणी "मी अकरा स्टोन चार" म्हणालं की अजूनही क्षणभर थांबावं लागतं. १ स्टोन म्हणजे १४ पौंड आणि १ पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. म्हणजे स्टोन झाला साधारण ६.३५ किलोचा. अकरा स्टोनांचे चौदाने गुणून १५४ नि वर चार, १५८ पौंड, पावणेबहात्तर किलोच्या आसपास. १९८५च्या कायद्याने स्टोन दुकानातल्या व्यवहारातून गेला. लोकांच्या तोंडून मात्र गेला नाही. बटाटे किलोत आणि माणूस स्टोनमध्ये, अशी इथली रीत आहे.

माझी खूणगाठ एकच: ७० किलो म्हणजे जवळजवळ नेमके ११ स्टोन. तिथून मागेपुढे मोजतो. किलोचे पौंड करायचे तर दुप्पट करून त्यात दहावा भाग मिळवायचा: ७० चे १४०, वर १४, झाले १५४. तुम्ही कसं करता? कुठे अडलात? सविस्तर लिहा.

रेडिंगहून

अडले होते, आणि माझ्यामुळे दुसरीला त्रास झाला. आमच्या कचेरीत वजन कमी करण्याचा उपक्रम होता, त्याचा तक्ता माझ्याकडे. रकाना एकच ठेवला होता, त्यात सगळे स्टोन आणि पौंड मध्ये टिंब देऊन भरायचे. एक सहकारी १० स्टोन १० पौंडांवरून १० स्टोन ५ वर आली. पाच पौंड कमी! तक्त्यात मात्र १०.१० चं १०.१ झालं आणि नंतरची नोंद १०.५, म्हणजे आलेखात तिचं वजन वाढलेलं. दोन महिने रोज चालायला जाणारी बाई सगळ्यांसमोर तो आलेख बघत होती. टिंबापुढचा पाच म्हणजे पाच पौंड नव्हे. १०.५ स्टोन म्हणजे १० स्टोन ७ पौंड, कारण स्टोनचे भाग दहा नाहीत, चौदा आहेत. तेव्हापासून दोन वेगळे रकाने करते, स्टोनला चौदाने गुणून पौंड मिळवते. कृपा करून कुणी टिंब वापरू नका.

न्यू जर्सीहून

आमच्याकडे नुसते पौंड. स्टोन म्हटलं तर इथे कुणालाच कळत नाही.

नर्स, लीड्सजवळून

वॉर्डात आम्ही वजन किलोतच लिहितो, कारण कितीतरी औषधांचे डोस किलोमागे मिलिग्रॅम असे ठरतात. आणि सांगितलेलं वजन लिहायचं नाही, काट्यावर घेतलेलंच लिहायचं, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. एक आजोबा आले होते. "साडेनऊ स्टोन," म्हणाले, म्हणजे साठ किलो. काट्यावर भरले ५२. मी आकडा सांगितला तर नुसती मान हलवली. मग मनात हिशेब करून म्हटलं, "आठ स्टोन अडीच पौंड." ते एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, बायको गेल्यापासून नीट जेवलो नाही. हे डॉक्टरांपर्यंत आणि आहारतज्ज्ञांपर्यंत पोचलं ते त्या एका वाक्यामुळे. म्हणून मी नोंद किलोत करते आणि बोलते माणसाच्या मापात.

अकोल्याहून

मी कधी विलायतेत गेलो नाही, पण चौदाचा पाढा पाठ आहे: चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव, चौदा अठ्ठे बारोदरसे, चौदा नव्वे सव्वीसासे, चौदा दाहे चाळासे. बारोदरसे म्हणजे ११२ पौंड. आठ स्टोन, तोच त्यांचा हंड्रेडवेट, आणि असे वीस झाले की २२४० पौंडांचा टन. उभं आयुष्य कापसाच्या धंद्यात गेलं. रुईचा भाव आजही खंडीवर निघतो आणि खंडी धरतात ३५६ किलोंची. हा विचित्र आकडा कुठून आला? मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती, म्हणजे सात हंड्रेडवेट. चौदाने भागून बघा, बरोबर ५६ स्टोन. सरकारने किलो आणले, माप मात्र जुनंच राहिलं, नुसतं किलोत लिहिलं गेलं. नातू मँचेस्टरला शिकायला आहे, त्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याने कागद घेऊन भागाकार केला.

बर्मिंगहॅमहून

माझा अनुभव बाळाचा आहे. सुईणीने बाळाच्या आरोग्याच्या नोंदींच्या लाल पुस्तकात ३.२३ किलो लिहिलं आणि मला सांगितलं, "सात पौंड दोन." मला किलोच कळत होते. सांगलीला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "किलो राहू दे, पौंड सांग." आमच्याकडे जुन्या बायका बाळाचं वजन पौंडातच सांगतात, हे मी विसरूनच गेले होते. सांगितलं. ती क्षणात म्हणाली, "तू सहा पौंड चौदा औंसांची होतीस. म्हणजे हा तुझ्यापेक्षा पाव पौंड जास्त." सोळा औंसांचा पौंड, चार औंस फरक. तिला कागद लागला नाही. मग तिने विचारलं, दूध नीट ओढतो का, आणि तुझ्या पोटात सकाळपासून काही गेलंय का.