घारी फार झाल्यात: पिल्लांसाठी कोणती जाळी घेऊ? आणि ठरावावर सही करू का?

पऱ्ह्याकाठची
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात घर आहे, मागे मोठं परडं. गावरान कोंबड्या पाळते. घरात खाऊन उरलेली अंडी विकते, त्यातून मुलीच्या क्लासची फी निघते. गेल्या दोन-तीन वर्षांत घारी इतक्या वाढल्यात की खुडूक कोंबडीने काढलेल्या पिल्लांतली निम्मीसुद्धा मोठी होत नाहीत. उन्हं वर आली की घिरट्या सुरू. शिवाय माडावर एक शिक्रा येऊन बसतो, त्याचा तर सुगावाच लागत नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात.
१) परड्यातला १५ बाय २० फुटांचा तुकडा झाकायचा आहे. मजुरी धरून बजेट ६,००० रुपये. या वर्षी त्याच्यावर एक रुपया नाही. जाळी पावसाळा काढणारी हवी.
२) आमच्या ग्रामसभेत ठराव येतोय की शिकारी पक्षी वाढलेत, सरकारने त्यांना मारायची आणि घरटी काढायची परवानगी द्यावी. सह्या गोळा करतायत. पिल्लं गेल्याचं दुःख मलाही आहे, तरी सही करायला हात उचलत नाही. तुमच्याकडे असं काही झालंय का?

वाडीवरचा_दादा
डोळे मिटून जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेल्या तारेची जाळी घ्या, अर्धा इंची. खाली दीड फूट काँक्रीट, वर लोखंडी अँगल. मी केलं त्याला ४५ हजार लागले, पण आता घार काय, मुंगूससुद्धा आत येत नाही. स्वस्तातलं घेऊन दरवर्षी रडत बसू नका.

पऱ्ह्याकाठची
दादा, बजेट ६,००० आहे हो.

निफाडची_सून
शेडनेट घे ताई, ५० टक्केवालं हिरवं. द्राक्षबागेतलं उरलेलं होतं तेच मी खुराड्यावर टाकलं. घारीला खाली काय चाललंय ते दिसतच नाही. फक्त वाऱ्याने फाटू नये म्हणून कडेला दोरी ओवून घे.

हर्णैवाला
कोकणात राहून शेडनेट कशाला? बंदरावर जुनी नायलॉनची मासेमारीची जाळी किलोवर मिळते. आमच्याकडे सगळ्या परड्यांवर तीच. बांबू घरचे, जाळी मोडीतली, दोन हजारांत काम होतं. खारं पाणी सोसलेली जाळी आहे, पावसाने काय होणार तिला?

तळ्याकाठी
हर्णैवाला, जुनी जाळी चालेल, पण ती ताणूनच बांधायला हवी. सैल सोडली की घुबडं, भारद्वाज, धामणी अडकतात आणि तडफडून मरतात. एका बागेत अशा जाळीत गुरफटलेलं गव्हाणी घुबड मी कात्रीने सोडवलंय, त्याचा पंख कायमचा गेला होता. आणि उंदीर खाणारं तेच.

हर्णैवाला
आमच्याकडे कधी काही अडकलेलं नाही. ताणूनच बांधतो आम्ही.

पारवा_कोल्हापूर
ताई, सही करा. बिनधास्त करा. माझी ढाबळ आहे, कबुतरं आज्ज्याच्या काळापासून घरात. हिवाळा लागला की बहिरी ससाणा येतो आणि हवेतल्या हवेत उचलतो. वर्षभर खाऊपिऊ घालून, शिकवून तयार केलेलं कबूतर डोळ्यांदेखत जातं. शिक्रा तर ढाबळीच्या तोंडाशी टपून बसतो. रानातल्या जिवाला कायदा आहे, मग पाळलेल्या जिवाचं काय? मारा म्हणत नाही मी, पण संख्या मोजा आणि जास्त झालेले पकडून लांब सोडा. एवढंही मागायचं नाही का माणसाने?

दादरचा_रहिवासी
कबुतरांचं दुःख आम्हाला नका सांगू. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा कुठे आमच्या इमारतीने श्वास घेतला. आईला फुप्फुसाचा त्रास आहे. ससाणे वाढत असतील तर मुंबईत पाठवा.

पारवा_कोल्हापूर
ढाबळीतलं कबूतर आणि कबुतरखान्यातला पारवा यांत फरक आहे. माझ्या पक्ष्याला औषधपाणी होतं, ढाबळ रोज झाडली जाते. धागा कोंबड्यांचा आहे, तिथेच राहू.

वकिलीण_बाई
सहीच्या प्रश्नावर कायद्याचं सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की ग्रामसभेने ठराव केला की झालं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणंही येतं. म्हणजे माडावरचं घरटं काठीने पाडणं हीसुद्धा शिकार. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची रक्कम वाढलीय, साध्या गुन्ह्यालाही एक लाखापर्यंत जाते आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक ठरावीक कारणांसाठी परवानगी देऊ शकतात आणि कलम ६२ खाली केंद्र सरकार काही प्राणी काही काळापुरते, काही भागापुरते उपद्रवी जाहीर करतं. बिहारमध्ये नीलगाय तशी जाहीर झाली होती. पण ते अनुसूची २ मधल्या प्राण्यांनाच लागू होतं आणि ग्रामपंचायतीच्या हातात यातलं काहीच नाही.
आणखी एक. कावळा पूर्वी अनुसूची ५ मध्ये होता, म्हणजे त्याला मारायला आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली. आता कावळ्यालाही हात लावायचा नाही.

वऱ्हाडी_शेतकरी
घारीचं काय घेऊन बसले भाऊ. आमच्या इकडे रानडुक्कर एका रातीत एकरभर हरभरा उलथतो, वरून मोर शेंगा खातात. मोराचं नाव घेतलं तर राष्ट्रीय पक्षी म्हणून गप्प करतात. नियंत्रण करायचंच तर डुकरापासून सुरू करा.

यॉर्कशायरवासी
इकडे ब्रिटनमध्ये ह्या वादाचा केवढा गदारोळ झाला ते सांगतो. बझर्ड नावाचा मोठा शिकारी पक्षी एके काळी बंदुकीने आणि विषाने पार हटला होता. संरक्षण मिळालं, घातक कीटकनाशकं बंद झाली आणि तो पुन्हा सगळीकडे दिसू लागला. मग शिकारीच्या खेळासाठी फेझंट नावाचे कोंबडीसारखे पक्षी पाळून सोडणारे लोक ओरडू लागले. २०१२ मध्ये सरकारने बझर्डांची घरटी पाडण्याचा अभ्यास काढला, लोक इतके भडकले की काही दिवसांत मागे घेतला. पुढे एक गेमकीपर, म्हणजे असे फेझंट सांभाळणारा माणूस, उच्च न्यायालयात गेला, २०१५ मध्ये जिंकला आणि २०१६ मध्ये दहा बझर्डांपर्यंत मारण्याचा परवाना निघाला. आधी बाकीचे सगळे उपाय करून पाहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे दार उघडलं, पण फटीएवढंच.
मला तेही पटत नाही. दरवर्षी कोट्यवधी फेझंट रानात सोडायचे आणि ते खायला पक्षी आला की त्याच्यावर बंदूक धरायची! माझ्याही अंगणात कोंबड्या आहेत. बर्ड फ्लूच्या काळात इकडे कोंबड्या झाकून ठेवण्याची सक्ती असते, म्हणून मी छताचा पिंजराच आणला. साडेचारशे पौंडाला पडला, पण उत्तम आहे. लिंक हवी तर देतो.

पऱ्ह्याकाठची
धन्यवाद, पण साडेचारशे पौंडांत माझं अख्खं वर्ष निघेल. वकिलीणताई, घरट्याचं मला माहीतच नव्हतं. आमच्या इथे दोघांनी पाडलीसुद्धा आहेत.

तळ्याकाठी
ताई, मी पक्षी बघते आणि नोंदीही ठेवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शिकारी पक्षी वाढलेत हे देशभराचं चित्र नाही, उलटंच आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सांगतो की शिकारी पक्ष्यांची घट काळजी करण्यासारखी आहे. वाढलेत ते मोर, कोकिळा, पारवे, कावळे. गिधाडांचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली एखाददुसरीच उरली. २००६ मध्ये त्या औषधावर पशुवैद्यकीय बंदी आली, तोवर आपल्या गावांवरचं आभाळ रिकामं झालं होतं. एक जात संपायला किती कमी वर्षं लागतात हे आपल्याइतकं कोणाला कळलंय? म्हणून ‘परवानगी द्या’ हे शब्द वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. गावात सही करणाऱ्याला कापशी, मोरघार, सर्पगरुड आणि घार हे सगळं एकच दिसतं. बंदूक किंवा विष घेऊन निघालेला माणूस पक्ष्याचं नाव विचारत नाही.
तरीही तुमच्या गावात घारी वाढल्या असतील, ते मी खोटं म्हणणार नाही. घार वाढते ती उघड्यावरच्या मांसावर. डंपिंग ग्राउंड, मासळी बाजार, कत्तलखाना. तुमच्या आसपास गेल्या दोन-तीन वर्षांत असं काही नवीन सुरू झालंय का?

पऱ्ह्याकाठची
झालंय! पुलाजवळ चिकनची दुकानं वाढली, आतडी-पिसं सगळी पुलावरून खाली. आणि वरच्या वाडीला एक ब्रॉयलर शेड झालीय, तिथली मेलेली कोंबडी मागच्या घळीत टाकतात. घारी तिथूनच येतात, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

नवापूरकर
पोल्ट्रीवाला म्हणून सांगतो. मर रोजची असते, ती उघड्यावर टाकणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट आळस आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो पक्षी मारून पुरावे लागले. तेव्हापासून मी खोल खड्डा, वर झाकण, प्रत्येक थराला चुना हे कधी चुकवलेलं नाही. घळीतलं कुजकं तुमच्या परड्यापर्यंत घार, कावळा, कुत्रा सगळे आणतात, रोगही आणतात. ठराव करायचा तर शेडवाल्याने खड्डा घ्यावा आणि दुकानदारांनी कचरा पुरावा असा करा. हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

हर्णैवाला
घार पूर्वीपासून आहे. बंदरावर हजार असतात. जाळी लावा, विषय संपला.

निफाडची_सून
शेडनेट.

आजीची_खुराडी
जाळीच्या आधी जुनं शहाणपण ऐक गं पोरी. घार वजनाने किलोच्या आतबाहेर, ती मोठी कोंबडी उचलत नाही. शिक्रा तर त्याहून लहान, चिमणी-सरड्यावर जगणारा. दोघांनाही पिल्लू हवं. म्हणून दोन महिने सांभाळलं की धोका सरला. आम्ही पहिले महिनाभर डालग्याखाली ठेवायचो, आई बाहेर, पिल्लं आत. नंतर सोडायचं ते अडुळशाच्या, कर्दळीच्या दाटीत. उघड्या अंगणात पिल्लू सोडलंस तर घारीला दोष देऊन काय उपयोग? आणि परड्यात कोतवालाचं घरटं असेल तर त्या फांदीला हात लावू नकोस. एवढासा काळा पक्षी, पण घारीला पार पऱ्ह्यापलीकडे हाकलतो.

वाडीवरचा_दादा
डालग्यातून मुंगूस पिल्लू ओढतं. वेल्डमेश घ्या.

पारवा_कोल्हापूर
कचरा पुरून बहिरी ससाणा थांबणार आहे का? तो कचरा खात नाही. सगळ्यांनी घारीवरून उत्तर काढलं आणि आमचा प्रश्न तसाच राहिला.

तळ्याकाठी
पारवादादा, तुमचं म्हणणं खरं आहे. ससाण्याला कचऱ्याशी देणंघेणं नाही. पण तो थोडे महिने येतो आणि जातो. त्या दिवसांत उडवण्याची वेळ बदलणं, ढाबळीपुढे आडोसा करणं, इतकंच मी सांगू शकते. पकडून लांब सोडलेल्याची जागा दुसरा घेतो, त्याने तुमचं कबूतर वाचत नाही.

पारवा_कोल्हापूर
वेळ बदलून पाहिलीय. असो.

पऱ्ह्याकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय सांगते, पुष्कळांना आवडणार नाही.
ठरावावर सही केली नाही. उलट नवापूरकरांनी सांगितलेलं लिहून दिलं: शेडवाल्याने झाकणाचा खड्डा घ्यावा, पुलावरून आतडी टाकणाऱ्याला दंड व्हावा. माझ्या अर्जावर बायकांच्याच सह्या जास्त आहेत. मारायच्या परवानगीचा ठरावही जाणारच आहे. सरपंच म्हणाले दोन्ही ठेवू.
आणि जाळी घेत नाही. ना वेल्डमेश, ना शेडनेट, ना बंदरावरची. ऐन पावसात आमच्याकडे घारी जवळजवळ दिसत नाहीत, जोराच्या पावसाचा मुलूख सोडून त्या वर घाटाकडे सरकतात. म्हणून उन्हाळ्यात कोंबडी खुडूक झाली तरी बसवायची नाही, मृगाच्या तोंडावर बसवायची. पिल्लं पडवीत वाढतील, घारी परत येईतो मोठी झालेली असतील. ६,००० मध्ये पडवीला फळ्या, दोन डालगी आणि उरलेल्या पैशांत तयार तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) घेते.

निफाडची_सून
अगं पावसात पिल्लं गारठून जातील. असं करू नकोस.

नवापूरकर
मी पण नाही म्हणेन. ओल्या तुसात रक्ती हगवण लागली की अख्खी बॅच जाते. घारीने दोन नेली असती, हगवण सगळी नेईल.

यॉर्कशायरवासी
सही नाही केलीत ते फार बरं केलंत. पावसाळी पिल्लांबद्दल मात्र नवापूरकरांशी सहमत.

पऱ्ह्याकाठची
पडवी कोरडी आहे, चूल शेजारीच आहे. करून बघणार.

आजीची_खुराडी
ठरवलंच आहेस तर ऐक. खाली राख आणि तूस मिसळून टाक, रोज हलव, भिजलं की लगेच बदल. पाणी उथळ ताटलीत, मध्ये दगड ठेवून. पहिल्याच आठवड्यात लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात घाल, रोग यायची वाट बघू नकोस. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेव, लस बर्फातूनच आणायची असते.

हर्णैवाला
डालगी कोणाकडून घेतेस? आमच्याकडचा बुरूड मुंबईला गेला. चांगली विणणारा असेल तर व्यनि कर, मलाही चार हवीत.