सगळी नाती जवळ असून आमचे आबा का कोमेजले?

बांधावरचा (धागा सुरू करणारा)

हार्वर्डचा तो अभ्यास व्हॉट्सॲपवर तुमच्याकडेही फिरून गेला असेल. १९३८ साली सुरू झाला. २६८ हार्वर्डचे विद्यार्थी आणि ४५६ बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं, अशा ७२४ जणांचं अख्खं आयुष्य तपासत राहिले. सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात, पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीला जास्त ठणठणीत निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हा अंदाज चांगला लागला म्हणे.

आता आमचे आबा. दोन वर्षांपूर्वी त्यांना आणि आईला कराडजवळच्या गावातून पुण्यात वाकडला आणलं. अकरावा मजला, मुलगा, सून, दोन नातवंडं, बीपीची गोळी वेळेवर. नात्यांत काही कमी नाही. गावाला पहाटे पाचला धार, सहाला डेअरीवर दूध घालायचं. फॅट ६.८ लागलं की दिवस बरा; ६.२ लागलं की घरी येऊन सरकीवाल्याचा उद्धार. दोन्ही म्हशी चुलत्याला दिल्या. आबा अजूनही पाचलाच उठतात. मागच्या महिन्यात मला जाग आली, तर गॅलरीत अंधारात बादली घेऊन उभे. म्हटलं, काय करताय? "काही नाही, झाडांना पाणी घालतोय." झाडं दोन आहेत. दोन्ही तुळशी.

माझं मत असं की नात्यांचं कौतुक जरा जास्तच चाललंय. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे माणसाला लागतं. ते गेलं की घर कितीही भरलेलं असो, उपयोग नाही.

त्रैराशिक

आबांना उदास व्हायची सोय आहे, कारण मुलाचा वाकडला फ्लॅट आहे. कडू वाटेल, पण आधी पैसा.

२०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन यांनी अमेरिकेतला आकडा दिला: वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर रोजचा आनंद वाढत नाही. पुढची दहा वर्षं गलेलठ्ठ पगारवाले हाच आकडा तोंडावर फेकत होते. मग २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ या संशोधकानं लोकांना मोबाइलवर दिवसभरात अधूनमधून "आत्ता कसं वाटतंय" विचारलं, तर आनंद त्या आकड्याच्या पुढेही वाढतच होता. शेवटी कानमन आणि किलिंग्सवर्थ भांडण मिटवायला एकत्र बसले, बार्बरा मेलर्स मध्यस्थ. २०२३ मध्ये निघालं ते असं: बहुतेकांचा आनंद उत्पन्नासोबत वाढत राहतो, जे आधीच फार दुःखी आहेत त्यांचा मात्र एका टप्प्यावर अडतो. यातली पट महत्त्वाची. दहा हजारांचे वीस झाले की जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच लाखाचे दोन लाख झाल्यावर. म्हणजे पैसा सगळ्यात जास्त कुणाला लागू पडतो ते तुम्हीच बघा.

आणि नाती? वडील दवाखान्यात होते तेव्हा काउंटरवर डिपॉझिट मागितलं. अकरा नातेवाईक आले. नऊ जणांनी नारळपाणी आणलं.

बांधावरचा

नारळपाणी पटलं. उरलेल्या दोघांनी काय आणलं?

त्रैराशिक

एकानं पपई. दुसऱ्यानं पन्नास हजार. तो मामा होता, आणि मामाकडे पैसे होते.

रात्रपाळी

तुम्ही दोघंही एका गोष्टीला वळसा घालून चाललाय. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, व्हाइटहॉल नावाचा. मायकेल मार्मट या संशोधकाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. यांतला कुणी उपाशी नव्हता, उपचार सरकारी आणि फुकट. तरीही तळच्या पायरीवरच्यांत, म्हणजे शिपाई, निरोपे यांच्यात, हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण साहेबलोकांच्या तिपटीहून जास्त. बिडी-सिगारेट, रक्तदाब सगळं हिशेबात धरलं तरी फरक पूर्ण मिटत नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बायकाही घेतल्या. त्यात एक गोष्ट ठळक दिसली: आपल्या कामात आपलं काही चालत नाही, असं ज्यांचं होतं त्यांना धोका जास्त.

मी नर्स आहे. ज्या वर्षी पगार वाढला त्याच वर्षी सगळ्यात जास्त रडले. कारण ड्यूटीचा तक्ता आदल्या रात्री आठला यायला लागला. मुलीच्या शाळेत गॅदरिंगला येते म्हणायचीही सोय राहिली नाही. सोबतिणी सोन्यासारख्या होत्या, त्रैराशिक, आणि पैसेही होते.

आबांची म्हैस गेली, आणि तिच्यासोबत ठरवणंही गेलं. सरकी घालायची की पेंड, डॉक्टरला आज बोलवायचं की उद्या. आता टीव्हीचा रिमोटसुद्धा नातवाकडे असणार. बरोबर?

बांधावरचा

रिमोटचं बरोबर आहे. 🙂

सुतळी

मला तर मोजणाऱ्यांचंच हसू येतं. जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून फिनलंड पहिलं येतंय. प्रश्न काय? शिडी आहे समजा, तळ शून्य, माथा दहा, तुम्ही कितव्या पायरीवर? आमची आजी आधी विचारेल, शिडी धरलीय कुणी. आपल्याकडे "कसं काय?" म्हटलं की उत्तर "चाललंय". पोरगं कलेक्टर झालं तरी "चाललंय", कर्ज थकलं तरी "चाललंय". द्या याला गुण.

त्रैराशिक

मोजमाप सदोष आहे म्हणून मोजायचंच नाही का? थर्मामीटर चुकला म्हणून ताप उतरत नाही.

अर्धा कप

इतका वेळ गप्प वाचत होते. हार्वर्डच्या त्या ७२४ जणांत बाई एकही नव्हती, सगळे पुरुष. बायकांना फार उशिरा सामील करून घेतलं. ज्या नात्यांमुळे हे गृहस्थ ऐंशीला ठणठणीत राहिले, ती नाती सांभाळली कुणी? नणंदेचा वाढदिवस कुणाच्या लक्षात होता? पाहुण्यांना चहा कुणी टाकला? आमच्या घरात "आपली माणसं फार जोडलेली आहेत" असं बाबा अभिमानानं सांगायचे. ती माणसं जेवायला यायची तेव्हा आई उभ्यानं जेवायची. तिच्या सुखाचा आलेख काढला असता तर पाहुणे गेल्यावर वर गेला असता.

बांधावरचे, धाग्याच्या सुरुवातीला लिहिलंय, "त्यांना आणि आईला" आणलं. त्यानंतर आई कुठे गायब झाली? ती पण कोमेजली का? विचारलंत कधी?

बांधावरचा

नव्हतं विचारलं. आत्ता विचारून आलो. मेथी निवडत बसली होती. म्हटलं, गावाला परत जावंसं वाटतं का? तर हात न थांबवता म्हणाली, "मी नाही जायची. धार तुझे आबा काढायचे, पण वैरण कोण आणायचं? शेणघाण कोण काढायचं? इथं नळ सोडला की पाणी. गुडघा दुखला तर लिफ्ट आहे. संध्याकाळी खाली बायकांत बसते, तिथं कुणी भाकरी मागत नाही."

मग जरा वेळानं, "त्यांना पाठव महिनाभर. तुझी काकू किती दिवस करून घालतेय बघू दे."

त्रैराशिक

नळ आणि लिफ्ट. नोंद घ्यावी.

अर्धा कप

आणि खालच्या बायका. त्याही नोंदवा.

रात्रपाळी

आबांना पाठवाच. पण कधी जायचं, किती दिवस राहायचं, ते त्यांनाच विचारा.

बांधावरचा

विचारलं. "कशाला? चाललंय की इथं," म्हणाले. दहा मिनिटांनी गॅलरीचं दार लावून चुलत्याला फोन. काचेतून एवढंच ऐकू आलं: "धाकटीला फॅट किती लागतंय?"