जवानांना फराळ पाठवायचा, की त्यांच्या घरच्यांच्या मदतीला जायचं?

एरंडवणेकर

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीत जवानांसाठी फराळाचे डबे भरायची गडबड सुरू होते. घरटी वर्गणी, चकली-चिवडा-शंकरपाळे, मुलांनी रंगवलेली भेटकार्डं, मग टेम्पोसमोर सगळ्यांचा फोटो. भावना खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही यंदा मी सभेत जे बोलले तेच इथे मांडते: डबे थांबवावेत आणि तो पैसा, ती माणसं जवानांच्या घरच्यांसाठी लावावीत.

कारण आमच्याच गल्लीत घडलं. एका जवानाची बायको सासरे आणि लहान मुलाला घेऊन भाड्याने राहते. नवरा फील्डला, कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. पावसाळ्यात एका रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं. वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे उपचार होतात, त्यामुळे खर्चाची काळजी नव्हती. काळजी होती ती तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली कसं आणायचं याची. लिफ्ट नाही. तिने शेजारच्या दोन्ही दारांची बेल वाजवली, एकही उघडलं नाही. शेवटी समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन धावत आला. दोघांनी मिळून म्हाताऱ्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीने खुर्चीला बांधलं आणि एकेक पायरी करत उतरवलं. पोरगं वर एकटंच रडत होतं. सासरे वाचले. आम्हा सगळ्यांना ते सकाळी कळलं.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. अग्निवीराला तर ३० दिवसच. त्यातले किती दिवस तलाठी कार्यालयात, मोजणीच्या तारखेत, बँकेत आणि शाळेच्या दाखल्यात जातात ते एकदा त्यांच्या घरी विचारा. ही कामं तो नसताना आपण करून दिली, निदान सोबत गेलो, तर त्याची रजा रजा राहील. मला कृतज्ञता म्हणून हे हवं आहे. पैसेच द्यायचे असतील तर ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी आहे, १९४९ पासून चालू आहे. आणि खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, पाठीच्या कण्याला दुखापत होऊन व्हीलचेअरवर आलेले जवान तिथे राहतात. पुण्यात राहून आपण तिकडे कधी फिरकत नाही.

मंडळाचा_कार्यकर्ता

ताई, घरच्यांना मदत करावी याला माझा विरोध नाही. माझा विरोध डबे थांबवण्याला आहे.

आमचं मंडळ बरीच वर्षं फराळ पाठवतं. वर्गणी मागायला दारोदार मी फिरतो, त्यामुळे माणसं कशाला पैसे देतात ते मला माहीत आहे. ज्या आजी डब्यासाठी दोनशे रुपये काढून देतात आणि वर स्वतः केलेले अनारसे देतात, त्या ‘निधी’ म्हटलं की दार लोटून घेतात. हाताने करून कोणाला तरी पाठवायचं, यात त्यांचा जीव असतो. डबे बंद केले तर ते दोनशे रुपये खडकीला जाणार नाहीत, ते घरातच राहतील. आणि रात्री बेल वाजल्यावर दार न उघडणारी माणसं डबे बंद केल्याने दार उघडायला लागतील, हे मला पटत नाही. त्या दोन गोष्टींचा संबंधच नाही.

घोरपडीजवळचं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. त्या वेळीही कोणीतरी म्हणालं असेल की दगडावर कशाला खर्च करता. आज शाळांच्या सहली तिथे जातात, पोरं नावं वाचतात.

नाना_सातारा

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता धानोरीला असतो. मी डबा घेणाऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो.

सियाचीनला असताना वरच्या पोस्टवर आम्हाला एकदा फराळ मिळाला. दिवाळी होऊन गेली होती. हेलिकॉप्टरने रॉकेल आणि रेशन यायचं, त्यातच टपाल. डबा उघडला तर चकलीचा पार भुगा. बेसनाचे लाडू गोठून दगड झालेले, दातच लागेना. मग एकाने ते पातेल्यात घालून बुखारीवर, म्हणजे बंकर गरम ठेवायच्या शेगडीवर, ठेवले. हळूहळू तूप सुटलं आणि सगळ्या बंकरमध्ये बेसनाचा वास भरला. आमच्यासोबत तोफखान्याचा एक तमिळ पोरगा होता, त्याने आयुष्यात बेसनाचा लाडू खाल्ला नव्हता. चकलीचा भुगा आम्ही खिचडीवर घालून खाल्ला.

डब्यात चौथीतल्या मुलीचं पत्र होतं. “काका, आमच्याकडे पण थंडी पडली आहे. मी शाळेत जाताना स्वेटर घालते. तुम्ही पण घाला.” एवढंच. ते पत्र प्रत्येकाने वाचलं, तमिळ पोराला हिंदीत सांगितलं. खाली उतरताना ते कोणी नेलं यावरून वाद झाला होता.

एरंडवणेकर ताई, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे, पण डबा बंद करा म्हणू नका. वर माणूस आठ-दहा जणांची तोंडं आणि बर्फ यापलीकडे काही बघत नाही. आपल्याला न ओळखणाऱ्या कोणीतरी आपल्यासाठी तळणाला बसलं, हे कळलं की वेगळंच वाटतं.

मला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. रजा अचानक मंजूर होते, रिझर्वेशन मिळत नाही. झेलम एक्सप्रेसने जम्मूपासून पुण्यापर्यंत संडासाजवळ ट्रंकेवर बसून किती वेळा आलोय. डब्यातली माणसं गणवेश बघून ‘जय हिंद’ म्हणायची आणि पाय पसरून झोपायची. क्वचित कोणी सरकून जागा द्यायचं. ते लोक मला अजून आठवतात.

प्रश्नकर्ती

काका, तुमचं वाचून भरून आलं. तरीही मी इथल्या सगळ्यांपेक्षा वेगळं मत मांडणार आहे.

फराळ असो की शेजारधर्म, दोन्हीत आपण जवानाचं जे हक्काचं आहे ते उपकाराच्या खात्यात टाकतो. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षं गेली. त्या काळात दिवाळ्या किती झाल्या आणि ध्वजदिन किती झाले?

दिव्यांगत्व निवृत्तिवेतनासाठी आजही जवानांना सशस्त्र दल न्यायाधिकरणात जावं लागतं. ते जिंकतात आणि मग सरकारच वर अपील करतं. यावर आपल्या सोसायट्यांमधून एक पत्र तरी जातं का खासदाराकडे? जवानाचा सन्मान ठेवायचा असेल तर त्याच्या वतीने सरकारला प्रश्न विचारायला हवेत. पण प्रश्न विचारला की आपण देशाविरुद्ध बोललो असं होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणी न देणाऱ्या घरांची यादी टाकली होती, ‘यांना देशाचं काही नाही’ अशा शेऱ्यासह. त्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्यांचा भाचा नौदलात आहे. असल्या दडपणातून निघालेल्या डब्याला मी कृतज्ञता म्हणणार नाही.

मंडळाचा_कार्यकर्ता

यादी टाकणं चूकच. आमच्याकडे कोणी तसं केलं तर मी स्वतः काढायला लावीन. पण एका ग्रुपवरच्या मूर्खपणावरून तुम्ही अनारसे करणाऱ्या आजींना दडपणाखाली आलेल्या म्हणू नका. त्या मनापासून करतात. आणि पत्र लिहायचं तर लिहा ना, मी सही करतो, मंडळाच्या पन्नास पोरांच्या सह्या आणून देतो. फराळ आड येत नाही.

एरंडवणेकर

प्रश्नकर्ती, अपीलाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण सरकारला प्रश्न विचारून झाले तरी तिसऱ्या मजल्यावरून म्हाताऱ्या माणसाला उतरवायला सरकार येत नाही. ते शेजाऱ्याचंच काम आहे.

नाना, तुम्ही सांगितलेलं त्या मुलीचं पत्र वाचून मुलांची कार्डं तरी थांबवू नयेत असं वाटलं. पण फराळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. आमच्या सोसायटीत माणसं तीच दहा-बारा, वेळ तेवढाच. तो सगळा टेम्पोच्या दिवशी संपतो आणि पुढे वर्षभर कोणी उगवत नाही. दोन्ही करू म्हणणं सोपं आहे, होतं मात्र एकच.

शिवाजीनगर_कोर्ट

मी वकिली करतो. शेजाऱ्यांनी सोबत जायचं ठरवलं, तर कोर्टकचेरीच्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली, १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा अजून लागू आहे. जवान युद्धपरिस्थितीत किंवा कायद्याने ठरवलेल्या विशेष परिस्थितीत सेवेत असेल आणि दिवाणी किंवा महसुली दाव्यात त्याच्या बाजूने कोणी उभं नसेल, तर न्यायालयाने काम स्थगित ठेवून लष्करी अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दाव्याची मुदत मोजतानाही तो काळ वगळायची तरतूद आहे. बांधाच्या भांडणात भाऊबंद नेमकी जवान सीमेवर गेल्याची वेळ साधतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. घरच्यांना हा कायदा माहीत नसतो आणि एकतर्फी निकाल होऊन बसतो.

दुसरी, जवान आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्याचा पाठपुरावा करतं. पण पत्र आलं म्हणजे काम झालं असं होत नाही, कोणीतरी मागे लागावं लागतं. म्हातारे आईवडील किंवा तान्हं पोर कडेवर घेतलेली बायको तालुक्याला किती खेटे घालणार? इथे एरंडवणेकर म्हणतात ते मला सगळ्यात जास्त पटतं. एक लिहिता-वाचता माणूस सोबत गेला तरी खिडकीमागचा माणूस नीट बोलतो.

खडकी_क्वार्टर

माझे मिस्टर फील्डला आहेत. इतका वेळ सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून आता मीच लिहिते.

एरंडवणेकर ताई, तुमच्या मनात काळजी आहे, पण फराळ नको हे आमच्या वतीने तुम्ही ठरवू नका. डबा आला की ते व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवतात, माझी मुलगी कोणती चकली चांगली ते सांगते. आणि आम्हाला बिचारी समजून मदतीला येऊ नका. गॅस, बँक, शाळा, गाडीचं सर्व्हिसिंग सगळं मी करते, माझ्यासारख्या इथे कितीतरी जणी करतात. सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, म्हणजे नवरा फील्डला असलेल्या कुटुंबांच्या लष्करी वसाहतीत, आम्ही एकमेकींना धरून असतो. बाहेर भाड्याने राहणारीला मात्र ती सोबत नसते, तुमच्या गल्लीतल्या ताईंचं तेच झालं.

आता काय नको ते सांगते. टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की फोन यायला लागतात. “तुमचे कुठे असतात गं? तिकडेच का?” मी स्वतः त्यांच्या फोनची वाट बघत असते, लाइन मोकळी हवी असते, आणि मुलगी समोर बसलेली असते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण त्या दोन तासांत तो प्रश्न सहन होत नाही. त्यापेक्षा दारात येऊन मुलीला खेळायला घेऊन जा. काही विचारू नका.

आणि मंडळवाल्या दादांना एक विनंती. फोटो टाकता तेव्हा खोक्यावरचा पत्ता झाकत जा. युनिटचं नाव, ५६ एपीओ हा लष्करी टपालाचा पत्ता, जवानांची नावं, सगळं स्पष्ट दिसतं. गेल्या वर्षी एका ठिकाणच्या फोटोत अख्खी यादी वाचता येत होती. आम्हाला घरी सांगितलं जातं की युनिट कुठे आहे ते बोलू नका, आणि इकडे ते फेसबुकवर जातं.

प्रश्नकर्ती

ताई, पत्त्याचा मुद्दा इथल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पण एक विचारू का? ज्या बायकांकडे तुमच्यासारखं क्वार्टर नाही आणि ज्या मदत मागायला बिचकतात, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? बिचारी म्हणायचं नाही हे बरोबर, पण मागेल तेव्हाच जायचं ठरवलं तर ती रात्री बेल वाजवते तेव्हाच कळणार.

खडकी_क्वार्टर

राहायला आली त्याच आठवड्यात जा. चहाला बोलवा, जवानाची बायको म्हणून नाही, नवीन शेजारीण म्हणून. दोन घरांचे फोन नंबर तिच्याकडे असू देत आणि तिचा तुमच्याकडे. रात्री फोन सायलेंटवर टाकू नका. याला समिती लागत नाही.

नाना_सातारा

वहिनी, शंभर टक्के. आणि बातमीच्या वेळचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या मंडळींनी वाचलं. कारगिलच्या वेळी आमच्या गावात असंच व्हायचं, पोस्टमन गल्लीत शिरला तरी बायका दारं लावून घ्यायच्या.

मंडळाचा_कार्यकर्ता

पत्त्यांचं मनावर घेतलं. यंदा खोकी बंद करून पत्ते चिकटवण्याआधीच फोटो काढायचा, आणि जुने फोटो आजच काढून टाकतो. डबे जाणारच. बेसनाचे लाडू गोठतात म्हणून नाना, यंदा शंकरपाळे आणि भाजलेल्या पोह्यांचा चिवडा जास्त ठेवतोय, चकल्या कमी.

एरंडवणेकर ताई, तुमच्या गल्लीतल्या त्या बिल्डिंगपासून आमचं मंडळ पाच मिनिटांवर आहे. रात्री खुर्ची उचलायला पोरं कायम असतात, कट्ट्यावरच बसलेली असतात. त्या ताईंची हरकत नसेल तर माझा नंबर त्यांना द्या.

एरंडवणेकर

विचारते त्यांना, हो म्हणाल्या तर देते. माझी वर्गणी मात्र यंदा डब्यांना नाही, ती खडकीच्या केंद्राला.