मदत हवी: अवकाशस्थानकाची रेघ तुटक येते

चिंगळी: कालही तेच. आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक, डोक्यावरून गेलं, फोटो एकावर एक चढवले तर रेघ, फट, रेघ, फट. फटीही रेघेएवढ्याच लांब. ट्रायपॉड, रिमोट सगळं आहे. परवा ७:१० ला पुन्हा चांगला पास (आकाशातली फेरी) आहे, त्याआधी सांगा.

गच्चीवाला: कॅमेरा, लेन्स, शटर? काहीच लिहिलं नाहीत.

चिंगळी: डीएसएलआर, १८-५५ मिमीची लेन्स, १८ वरच. २० सेकंद. त्याने काय होतंय?

कृत्तिका_७: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० करून बघा, रेघ ठळक येईल.

बिनचष्मा: विचारलंय काय! शहरात ३२०० ला २० सेकंद म्हणजे आकाश पांढरंफटक. सरकत्या ठिपक्याची उजळी अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) नि आयएसओवर ठरते, शटर लांबवलं की फक्त आकाश उजळतं. भोक एफ ४, आयएसओ ४००, १० सेकंद.

गच्चीवाला: फट रेघेएवढी आहे ना? मग लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून काळी फ्रेम घेतो. डोक्यावर स्थानक सेकंदाला अंशभर सरकतं, म्हणजे २० सेकंदांत २० अंश गायब. मेनूतून बंद करा, कंटिन्युअस मोड लावा, रिमोटचं बटण दाबून लॉक करा. मोठ्या रॉ फाइलींनी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरत असेल तर जेपेग. उरलेल्या बारीक फटी स्टारस्टॅक्स या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरच्या गॅप फिलिंगने बुजतात, मोठ्या नाही.

मोजपट्टी: जोडाजोड हवीच कशाला? बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) एकच ६० सेकंदांचा घ्या, एफ ८. उणे ३ प्रतीचं, म्हणजे ताऱ्यांहूनही तेजस्वी स्थानक आरामात उमटतं.

बिनचष्मा: आणि मधेच विमान घुसलं की सगळा फोटो गेला.

मोजपट्टी: विमान काय, तुमच्या दहा सेकंदांतही घुसेल.

बिनचष्मा: तेव्हा एकच फ्रेम खराब होते, तेवढंच विमान पुसायचं.

सांजवात: परवा एका ओळीत वीसेक दिवे जाताना दिसले. तेही स्थानकच का?

गच्चीवाला: नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह. वेगळा धागा काढा.

चिंगळी: नॉइज रिडक्शन चालूच होतं! बंद केलं. पण रेघ पूर्वेकडे अर्ध्यातच विरते, तीही सेटिंगच?

गच्चीवाला: नाही, तिथे स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतं. संध्याकाळच्या पासला हे बऱ्याचदा होतं. हेवन्स-अबव्ह या वेबसाइटवर स्वतःचं ठिकाण भरा, सावलीत शिरण्याची वेळ आणि दिशा मिळते. फ्रेम पश्चिमेकडे सरकवून धरा.

मोजपट्टी: आणि बल्ब.