४६ रुपयांत रजिस्टर? छपाईच्या टेंडरमध्ये एल-वनला परवडतं तरी कसं?

ऑफसेटवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचा छोटा प्रेस आहे, दोन कलरचं एक जुनं मशीन आणि हाताखाली चार माणसं. आजवर लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल असलीच कामं केली. यंदा धाडस करून एका सरकारी कार्यालयाचं टेंडर भरलं (नाव घेत नाही, उगाच नसती भानगड). १५ हजार रजिस्टरं, फुलस्केप, २०० पेजेस, ७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, आखीव, नंबरिंगसकट, पुठ्ठा बायंडिंग आणि कापडी पाठ. डिजिटल सही काढली, ईएमडी म्हणजे अनामत भरली, टेक्निकल पाकिटात पास झालो तेव्हा घरात पेढे आणायचेच बाकी होते, आणि फायनान्शियल उघडलं तर माझा रेट रजिस्टरमागं ७८ अन् एल-वनचा, म्हणजे सर्वात कमी बोलीवाल्याचा, ४६! पोच धरून, जीएसटी तेवढा वेगळा.

आता माझा हिशोब बघा आणि चुकत असेल तर सांगा. २०० पेजेस म्हणजे १०० कागद, १७ बाय २७ इंची शीटमधून ४ निघतात, म्हणजे एका रजिस्टरला २५ शीट. १७ गुणिले २७ गुणिले ७० भागिले ३१००, या आमच्या धंद्यातल्या सूत्राने रीमचं (५०० शीटचं) वजन आलं १०.३६ किलो. एका रीममध्ये २० रजिस्टरं, म्हणजे एकाला ५१८ ग्रॅम कागद. मला कागद ८५ रुपये किलो पडतो, झाले ४४ रुपये, आणि यात वेस्टेज धरलेलंच नाही. उरलेल्या २ रुपयांत छपाई, नंबरिंग, पुठ्ठा, शिलाई, टेम्पो आणि वर नफा? मी कुठं कमी पडतोय?

कागदवाले_काका

हिशोब बरोबर आहे तुमचा, फक्त ७० जीएसएम धरलात तिथं गंडलात 😀

५४ जीएसएम धरा. रीम ८ किलोवर येते, एका रजिस्टरला ४०० ग्रॅम. त्यात मिलचा मॅपलिथो न घेता रद्दीच्या लगद्याचा लोकल माल उचलला तर किलोमागं आणखी पंधराएक रुपये वाचतात, म्हणजे कागद पडला २८ ला. १८ रुपये उरले की राव! वर २०० च्या जागी १८४ पेजेस घातली तर मोजायला बसतंय कोण, नंबर तर पानावर नसून रजिस्टरवर टाकलेला असतो. मी तीस वर्षं कागद विकतोय, टेंडर ७० चं निघतं आणि आमच्याकडे मागणी ५४-५८ ची येते.

वेबमशीन

सगळेच चोर असं म्हणू नका हो काका. मोठ्या प्रेसवाल्यांना कागदाचं रील डायरेक्ट मिलमधून मिळतं, रोख पैसे टाकले की रेट वेगळा, शिवाय आखणी, घडी सगळं मशीनवर एका दमात होतं. माझ्यासारखा माणूस ६५-६६ पर्यंत सरळ मार्गाने येऊ शकतो, सोलापूरच्या भावांचा ७८ पण जरा चढाच आहे. पण ४६? नाही, ते मलाही झेपणार नाही.

निवृत्त_भांडारपाल

मी नोकरीत असताना हा माल उतरवून घेतलाय म्हणून लिहितो. टेंडरमध्ये ७० जीएसएम लिहिलेलं असतं पण तो कसा तपासायचा, कोण तपासणार, कमी भरला तर किती कपात, हे बऱ्याच वेळा लिहिलेलंच नसतं. मंजूर नमुना साहेबांच्या कपाटात बंद. माल येतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, टेम्पो दारात उभा, आम्ही गठ्ठे मोजायचे आणि स्टॉक बुकला नोंद करून सही द्यायची कारण ३१ तारखेच्या आत बिल ट्रेझरीत गेलं पाहिजे, नाहीतर निधी परत जातो. आणि साहेबाचीपण एक अडचण समजून घ्या, एल-वन सोडून दुसऱ्याला काम दिलं की ऑडिटचा पॅरा (लेखी आक्षेप) लागतो, एल-वनला देऊन भिकार माल घेतला तर काहीच लागत नाही. ऑडिटवाला रेट बघतो, कागद हातात घेऊन बघत नाही. केंद्राच्या खरेदी मॅन्युअलमध्ये फारच कमी रेट आला तर ठेकेदाराकडून लेखी खुलासा आणि दराची फोड मागायची सोय आहे, पण आमच्याकडे तसा खुलासा मागितलेला मी तरी पाहिला नाही.

तपासणी तशी पोरखेळ आहे. १० बाय १० सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. ७० जीएसएम असेल तर ७ ग्रॅम भरले पाहिजेत, ५४ असेल तर साडेपाचच्या आत.

आणि माहिती अधिकारात नुसते कागद मागायचे असतात असं लोकांना वाटतं. २००५ च्या कायद्यात कलम २(ञ) वाचा, मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचापण अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि पुरवठा झालेल्या रजिस्टरचा नमुना मागा.

न्यूजर्सीकर

मी इथं अमेरिकेत एका प्रेसमध्ये एस्टिमेटर (कामाचा खर्च काढणारा) आहे, आम्ही गव्हर्नमेंट पब्लिशिंग ऑफिसची, म्हणजे इथल्या सरकारी छपाई खात्याची, कामं घेतो म्हणून थोडं अवांतर. हे दुखणं जुनं आहे. इथल्या काँग्रेसने १८४६ मध्ये छपाईला सर्वात कमी बोलीची पद्धत आणली, लोकांनी वाट्टेल ते रेट टाकले आणि मग कामं रखडली, छपाई भिकार आली, काहीजण बुडाले. १८५२ ला तो प्रकार बंद केला आणि शेवटी वैतागून सरकारने स्वतःचाच छापखाना विकत घेतला, तो १८६१ साली ४ मार्चला सुरू झाला, लिंकनने शपथ घेतली त्याच दिवशी.

आता पुन्हा बरंचसं काम बाहेरच जातं आणि कमी बोलीलाच जातं, पण बोलीसोबत क्वालिटी लेव्हल ठरलेली असते, एक ते पाच, आणि कुठला दोष किती चालेल हे मोजून लिहिलेलं असतं. माल नापास झाला तर परत छापा नाहीतर पैसे कापतात. अजून एक, कामाचा मुख्य भाग ठेकेदाराने दुसऱ्याला द्यायचा नाही असा नियम आहे, त्यामुळे प्रेस नसलेला नुसता दलाल तिथं टिकत नाही. इथंही सगळं छान छान नाही, मार्जिन एवढं बारीक असतं की कागदाचा भाव थोडा हलला की आमचे मालक डोक्याला हात लावून बसतात.

ऑफसेटवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. वेबमशीनभाऊ, ७८ चढा होता हे मान्य, त्यात सहा महिने बिल अडकायचं व्याज धरलं होतं.

आता पुढची गंमत ऐका. काल संध्याकाळी एल-वनवाल्याचाच फोन! स्वतःचा प्रेस नाहीये त्याचा, सप्लायर आहे नुसता. म्हणतो कागद मी पाठवतो, तुम्ही आखणी, नंबरिंग, बायंडिंग करून द्या, पुठ्ठा माझा, रजिस्टरमागं १० रुपये. मशीन बसूनच आहे आणि पोरांचे पगार तर द्यायचेत. घेऊ का? कागद कमी जीएसएमचा आला तर मी पण त्यात सामील झालो ना?

वेबमशीन

१० मध्ये बायंडिंगसकट? नका घेऊ, हातात काही उरणार नाही. उद्या बोंब झाली तर तो म्हणणार प्रेसवाल्याने कागद बदलला.

कागदवाले_काका

घ्यायचंच असेल तर १४ सांगा, निम्मे पैसे आधी. आणि कागद उतरवताना त्याच्या डिलिव्हरी चलनावर जीएसएम आणि मिलचं नाव लिहून त्याची सही घ्या, प्रत्येक खेपेतले दोन शीट तारीख टाकून बाजूला ठेवा. ७० चा आला तर बिनधास्त करा. जीएसएम लिहायला का-कू करायला लागला तर समजून जा काय ते, टेम्पो तसाच परत पाठवा.